'लव्ह मी ऑर लीव्ह मी' (1955): मार्टी स्नायडरचं ते प्रेम होतं का?

निळीशाई:
परवा रात्री एकदाचा हा पिक्चर बघून झाला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. डोरिस डे म्हणजे गोड, सोज्वळ, हसऱ्या पिक्चरवाली असंच मला वाटायचं, त्यामुळे शिकागोतल्या दहा सेंटला एक नाच अशा हॉलमध्ये अंगचटीला येणाऱ्या गिऱ्हाइकाला लाथ घालून नोकरी घालवणारी ती दिसल्यावर मी एकदम सावरून बसले. मग तो लंगडा गुंड मार्टी (जेम्स कॅग्नी) तिला क्लबात काम मिळवून देतो, गाणं शिकवायची सोय करतो, रेडिओवर नेतो, थेट न्यूयॉर्कला झीगफेल्ड या बड्या निर्मात्याच्या शोपर्यंत पोचवतो आणि दर पायरीला दोरी अजून थोडी आवळत जातो. आमचे हे म्हणतात की त्याचं प्रेमच होतं, फक्त त्याला ते दाखवता येत नव्हतं. मला नाही पटत. तुम्हाला काय वाटतं? आणि डोरिसनं जिची भूमिका केलीय ती रूथ एटिंग तर खरीच गायिका होती, मग यातलं खरं किती?

तबकडी७८:
रूथ माझी फार आवडती, त्यामुळे राहवत नाही. ती नेब्रास्कातल्या डेव्हिड सिटीची, शिकागोला आली ती चित्रकला शिकायला, आणि मॅरिगोल्ड गार्डन्स नावाच्या क्लबसाठी कपड्यांची डिझाइनं करता करता तिथंच गायला लागली. डान्सहॉलमध्ये तिनं कधीच काम केलं नव्हतं! 'टेन सेंट्स अ डान्स' हे तिचं 1930 चं गाजलेलं गाणं, त्यातल्या बाईचं आयुष्य उचलून पिक्चरवाल्यांनी रूथलाच चिकटवलं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. बाकी स्नायडर खरा, 1922 चं लग्न खरं, 1937 चा घटस्फोट खरा. गोळीबार पण खरा, 1938 मध्ये लॉस एंजेलिसला त्यानं तिच्या पियानोवाल्यावर, मर्ल आल्डरमनवर, गोळी झाडली. तो वाचला आणि त्याच वर्षी डिसेंबरात रूथनं त्याच्याशी लग्न केलं. 1966 मध्ये तो जाईपर्यंत संसार टिकला. निळीशाई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या लग्नातच आहे.

रात्रपाळी:
मला वाटतं मार्टीकडे बघताना तो काळ विसरून चालणार नाही. 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी, म्हणजे पिणं गुन्हा नव्हता पण बनवणं, विकणं, नेणं-आणणं सगळं बंद, मग क्लब चालवायचा तर माल कुणाकडून घेणार, गुंडांकडूनच ना. आणि एकदा ते दारातून आत आले की मग काय सगळंच त्यांचं. पिक्चरमध्ये मार्टीचा धंदा बघा, लाँड्रीचा. क्लबांचे टेबलक्लॉथ, नॅपकिन धुवायचं काम, आणि ते त्यालाच द्यायचं म्हणजे द्यायचंच. दिसायला किती साधी गोष्ट, पण त्याच जोरावर तो एका नवख्या पोरीला स्टेजवर उभी करू शकतो. मालकाला नाही म्हणायची सोयच नाही. रूथला नेमकं हेच खुपतं, की आपण गाण्यावर इथं आलो का त्याच्या धाकावर. माझ्या मते त्याचं प्रेम होतं पण त्याला प्रेम आणि वसुली यातला फरक कळत नव्हता, धंदा केला तसाच संसार केला.

कोपऱ्यातली खुर्ची:
गाण्यांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मला म्युझिकल सहसा झेपत नाहीत, चालता चालता लोक गायला लागले की माझं लक्ष उडतं. इथं तसं एकदाही होत नाही, गाणं येतं ते स्टेजवर, तालमीत नाहीतर रेकॉर्डिंगला. घरात ती गप्प असते, हातात ग्लास असतो, आणि जे नवऱ्याला तोंडावर बोलता येत नाही ते माइकसमोर बोलते. निळ्या चमचमत्या ड्रेसमध्ये ती 'टेन सेंट्स' म्हणते तेव्हा चेहरा बघा, ते डोळे थकलेले आहेत. इतकं करून डोरिसला ऑस्करचं नॉमिनेशनसुद्धा नाही, कॅग्नीला होतं, हा अन्यायच आहे. प्रेमाचं म्हणाल तर निळीशाई, मी तुमच्या बाजूनं. लग्नाआधीच्या रात्री तो तिच्याशी जे वागतो त्यानंतर कुठलं प्रेम?

निळीशाई:
सगळ्यांचे खूप आभार. तबकडी७८, डान्सहॉलचं कळल्यावर मलाही कसंतरी झालं. काल ह्यांना घेऊन शेवट परत बघितला. मार्टी जामिनावर सुटून स्वतःच्या क्लबात येतो आणि स्टेजवर ती गात असते, त्याचे उपकार फेडायला. आधी तो चिडतो, मग उभा राहून ऐकतो आणि म्हणतो की पोरगी गाते मात्र, त्याबाबतीत आपलं कधी चुकलं नाही. मी पॉज करून ह्यांना विचारलं, बघा, आत्ताही तो तिच्याबद्दल बोलतोय का स्वतःच्या पारखीबद्दल? हे बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले परत लाव, ती काय गाते ते नीट ऐकू.