मदत हवी आहे: हृदय, किडनी आणि शुगर सांभाळून वजन कसं उतरवावं? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मोठ्या भावासाठी विचारते आहे. दादा ५६ वर्षांचा, आम्ही सगळे राजेंद्रनगरात एकाच घरात राहतो. वजन १०४ किलो, उंची ५ फूट ६ इंच. शुगर जुनी, रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट टाकला, तेव्हापासून हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आहे. किडनीच्या तपासण्यांत क्रिएटिनिन १.९, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) ४०. आणि आता बेंबीपाशी हर्निया. सर्जन म्हणतात की ऑपरेशनची घाई नाही, पण आधी १० किलो तरी उतरवा आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ८ च्या खाली आणा, नाहीतर जखम चिघळण्याची आणि हर्निया परत येण्याची भीती जास्त.

वजन उतरवा हे तर सगळेच डॉक्टर सांगतात. कसं उतरवायचं, तिथे प्रत्येकाचा कागद वेगळा. हृदयाचे डॉक्टर म्हणतात मीठ कमी आणि दिवसाला दीड लिटरच पाणी. किडनीचे म्हणतात प्रथिनं मापात, नारळपाणी आणि फळांचे रस बंद. आहारतज्ज्ञांनी छापील तक्ता दिला त्यात सकाळी प्रोटीन पावडर, संध्याकाळी नारळपाणी आणि दिवसभरात ३ लिटर पाणी. सर्जन म्हणतात पोटावर जोर येईल असं काहीही नको. वहिनी बिचारी हे सगळे कागद ओट्यावर ठेवून विचारते, "मग आज भाजी कोणती करू?" तिला काय उत्तर देऊ?

त्यात भाच्याच्या जिममधल्या ट्रेनरने दादाला १६ तास उपाशी राहायला सांगितलं. पहिल्याच आठवड्यात वजन ४ किलोनं खाली आलं, दादा खूश. मग एका पहाटे घामानं चिंब, बोलणं असंबद्ध. शुगर ५८. वहिनीनं साखरेचं पाणी पाजलं, नंतर बिस्किटं दिली, तेव्हा भानावर आला. आता वहिनी एक पोळीसुद्धा कमी वाढायला घाबरते, आणि दादा म्हणतो इतकं वजन तर आजवर कधी उतरलं नव्हतं, परत तेच करतो. दोघांचं रोज वाजतं. मला दोघांचंही कळतं, म्हणूनच फार जीव टांगणीला लागलाय.

माझे प्रश्न: ते ४ किलो खरंच चरबीचे होते का? घरी बसून हे कसं ओळखायचं? ती नवी आठवड्याची इंजेक्शनं दादाला चालतील का? शेजारच्या काकू लो सोडियम मीठ घ्या म्हणतात, घ्यावं का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, या सगळ्या डॉक्टरांचं एकत्र जुळवून कोण देतं? ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद, वडोदऱ्याहून

ताई, आमच्या ह्यांचंही पंपिंग कमीच आहे, म्हणून लिहिते. पंपिंग कमी असलेल्या माणसाचा वजनकाटा दोन गोष्टी सांगतो, चरबी आणि पाणी. आठवड्यात ४ किलो चरबी जात नाही. पिष्टमय खाणं एकदम थांबलं की शरीरातलं पाणी आधी जातं, त्यात लघवीची गोळी चालू असेल तर आणखी. उभं राहिल्यावर चक्कर येते का, बीपी खाली जातंय का, हे बघा. याच्या उलट, दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते खाण्यानं नाही, पाणी साचतंय. मोज्याचा वळ खोल उमटतो, रात्री एक उशी जास्त लागते, दम लागतो. आम्ही तेव्हा लगेच डॉक्टरांना फोन करतो, वाट बघत नाही.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. शेजारी बीपी, शुगर आणि पायांची सूज. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर खूप झालं. ती वहीच डॉक्टरांसमोर ठेवा, तोंडी सांगण्यापेक्षा तिचा फार उपयोग होतो.

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून (मी दवाखान्यात डाएटिशियन आहे)

तो छापील तक्ता बाजूला ठेवा. निरोगी माणसाला तो चालला असता. ईजीएफआर ४० असताना प्रथिनं साधारणपणे किलोमागे ०.८ ग्रॅम धरतात, आणि तेही १०४ किलोवर नव्हे, उंचीला शोभेल अशा वजनावर. म्हणजे दिवसाला ५० ते ५५ ग्रॅमच्या आसपास. पक्का आकडा किडनीचे डॉक्टर देतील. ती तिन्ही वेळच्या जेवणात वाटून द्या. फारच कमी केली तर चरबीआधी स्नायू झिजतात आणि माणूस जिना चढेनासा होतो.

पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट काय आहे? फळं-भाज्या किती तोडायच्या ते त्यावरच ठरतं. उगाच सगळं बंद करू नका. वाढलेलं असेल तर बटाटा सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. थंडीत तुमच्याकडे गराडू (एक कंद) निघतात, त्यात पोटॅशियम भरपूर, आणि तेही तळलेले. लो सोडियम मीठ अजिबात नको! त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं. अशा किडनीला ते जिवावर बेतू शकतं.

इंदूरच्या घरात मीठ डाळीतून कमी आणि शेवेतून जास्त जातं. पोह्यांवर मूठभर शेव आणि जिरावन मसाला, संध्याकाळी चहाबरोबर नमकीन. तेवढंच आधी बंद करा, तेल आणि मीठ दोन्ही एकदम उतरतील. पोहे वाटीभरच, त्यात मटार नाहीतर वाफवलेले मूग घाला आणि जलेबी नको. रात्रीचं जेवण लवकर असावं, पण चुकवायचं नाही.

प्रतिसाद (निवृत्त फिजिशियन)

पहाटेचा प्रसंग गंभीर आहे. खाणं कमी केलं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं की हेच होतं. शिवाय किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. आहारात बदल करायच्या आधी डोस कमी करून घ्यायचा असतो, तोही डॉक्टरांनीच. हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर शुगर उतरल्याची धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. घरात सगळ्यांना हे माहीत असू द्या. शुद्ध असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

डॅपाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी) चालू आहे का ते बघा. ती गोळी घेत लांब उपास किंवा कीटो (पिष्टमय खाणं जवळपास बंद) केलं तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं. ऑपरेशन ठरलं की ती किमान ३ दिवस आधी थांबवतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आठवड्याच्या इंजेक्शनांबद्दल: मौंजारो (टिर्झेपाटाइड) आणि वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) दोन्ही २०२५ मध्ये भारतात आली. शुगर आणि किडनी दोन्हींचा त्रास असलेल्यांना सेमाग्लुटाइडनं किडनीचा फायदा झाल्याचं २०२४ च्या फ्लो चाचणीत दिसलं. पण हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय पुरेसं काम करत नाही तेव्हा) त्याचा चांगला परिणाम दाखवणारी २०२३ ची चाचणी पंपिंग ४५ टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांवर होती. कमी पंपिंगवर याच जातीच्या जुन्या लिराग्लुटाइडच्या चाचण्यांत फायदा दिसला नाही, उलट काळजीच वाटली. म्हणून भावाच्या बाबतीत शेवटचा शब्द हृदयाच्या डॉक्टरांचा. आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण शुगर झपाट्यानं उतरली तर पडद्याचा त्रास वाढू शकतो.

चालताना नाडी मोजत बसू नका, मेटोप्रोलॉलसारख्या गोळीमुळे ती फसवते. बोलता येईल इतक्याच वेगानं, सपाट जागी चाला.

जुळवून कोण देतं, तर एकच फिजिशियन धरा. सगळे कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ती वही घेऊन जा. त्यांना एकच विचारा: रोज किती पाणी, किती मीठ, किती प्रथिनं, आणि वजन उतरेल तसं कोणतं औषध केव्हा कमी करायचं? उत्तर एका कागदावर लिहून मागा आणि बाकी डॉक्टरांना तो कागद दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. वहिनीला सगळं वाचून दाखवलं, तिनं फोनवरून उतरवून घेतलं. पोटॅशियम ५.३ आहे. मेटोप्रोलॉल आणि डॅपाग्लिफ्लोझिन दोन्ही चालू आहेत. दादाला ते आम्लाचं वाचून दाखवल्यावर १६ तासांचा हट्ट त्यानं सोडला. सोमवारी फिजिशियनची वेळ मिळाली आहे.

एक राहिलं. दादा वडिलांपासून चालत आलेल्या दोन्ही एकादश्या करतो, आणि फराळ म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा. उपास सोड म्हटलं तर त्याला फार लागेल. तुमच्या घरी अशा आजारात एकादशी कशी सांभाळता? फराळाला काय करता, आणि इन्सुलिनचं त्या दिवशी डॉक्टरांनी काय सांगितलंय?