घरी जमलेला टोन ४×१२ वर गेला की चिखल होतो

कोमल_निषाद

दोन महिने एकट्यानेच खटपट करून पाहिली, आता विचारतोच.

माझ्याकडे गिटारचा २० वॅटचा ट्यूब हेड आहे (म्हणजे स्पीकर नसलेला, ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प). घरी त्याला १×१२ चं (बारा इंची एक स्पीकर), पाठ उघडी असलेलं कॅबिनेट जोडतो. आत सेलेस्टियनचा ग्रीनबॅक स्पीकर, १६ ओहम. या जोडीवर वर्षभर बसून मनासारखा आवाज लावला आहे: बास ६, मिड ४, ट्रेबल ६, प्रेझेन्स (अगदी वरच्या आवाजाचा नॉब) ५, गेन (आवाज किती फाटावा याचा नॉब) ६, मास्टर जेमतेम २. हे आकडे कागदावर लिहून हेडच्या पाठीला चिकटवून ठेवलेत.

आता बँडबरोबर सराव सुरू झालाय. तिथे ४×१२ चं बंद कॅबिनेट आहे, चारही स्पीकर सेलेस्टियनचेच व्हिंटेज ३०, कॅबिनेट तेही १६ ओहम. हेड माझा, गिटार माझी, आकडेही तेच, फक्त मास्टर वर. पण पाम म्यूट केलं (तळव्याने तारा दाबून वाजवलं) की नुसता 'धब्ब' असा गोळा येतो. खालच्या तारांवर कॉर्ड धरली की आतले स्वर वेगळे ऐकूच येत नाहीत. वर सगळं दबकं वाटलं म्हणून ट्रेबल ८ वर नेला, तर समोर बसलेल्या ड्रमरने वाजवणं थांबवलं आणि म्हणाला, कानात सुया टोचतायत. मी कॅबिनेटपासून हातभर अंतरावर उभा होतो आणि मला अजूनही दबकंच ऐकू येत होतं. हे कोडं मला सुटत नाही.

शिवाय पुढच्या कार्यक्रमाला २×१२ मिळणार आहे, त्यावर ८ ओहम लिहिलंय. हेडच्या मागे १६, ८ आणि ४ अशी तीन सॉकेट आहेत. ते कुठे जोडायचं? आणि प्रत्येक कॅबिनेटसाठी नवे आकडे शोधायचे म्हणजे नेमकं कुठून सुरुवात करायची?

सोल्डर

कॅबिनेट कोणत्या सॉकेटला जोडायचं, त्याचं उत्तर आधी देतो. टोन चुकला तर एक गाणं बिघडतं, हे चुकलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

८ ओहमचं कॅबिनेट ८ च्या सॉकेटला. १६ चं १६ ला. दोन कॅबिनेट एकदम लावायची वेळ आली आणि दोन्ही १६ ची असली, तर समांतर जोडणीत ती मिळून ८ होतात, मग ८ चं सॉकेट. ट्यूब हेड कॅबिनेट न जोडता कधीही चालू करू नका, अगदी 'लाइट लागते का बघू' म्हणूनसुद्धा नाही. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचं वेगळं असतं. त्याला लिहिलेल्यापेक्षा कमी ओहम द्यायचे नाहीत. जास्त दिले तर फक्त ताकद कमी मिळते.

केबल स्पीकरचीच हवी. गिटारची केबल बाहेरून हुबेहूब तशीच दिसते, पण आतली तार बारीक असते.

परक्या कॅबिनेटवर लिहिलेल्या आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. मल्टिमीटर लावून बघतो. मीटरवर आकडा नेहमी थोडा कमी येतो: ८ ला साधारण ६ ते ७, १६ ला १२ ते १३ च्या आसपास. ४×१२ मध्ये बहुतेक वेळा दोन-दोन स्पीकर एकामागून एक जोडून त्या दोन जोड्या समांतर लावलेल्या असतात. त्यातला एक जळला की त्याचा जोडीदारही गप्प होतो, मीटरवर आकडा दुपटीच्या घरात जातो आणि आवाज पातळ पडतो. पातळ आवाजासाठी तासभर नॉब फिरवणारे मी पाहिलेत. बिघाड आत होता.

जाडतार

मी बास गिटार वाजवतो, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. तुमची सर्वांत खालची मोकळी तार ८२ हर्ट्झची, माझी ४१ ची. म्हणजे माझ्या स्वराचा दुसरा थर बरोबर तुमच्या बासच्या नॉबखाली येतो. बंद ४×१२ वर बास ६ म्हणजे त्या जागेत दोघं बसलेत. १०० हर्ट्झच्या खालचं मला सोडून द्या. एकट्याने वाजवताना गिटार रोडावल्यासारखी वाटेल, पण सगळे मिळून वाजवू तेव्हा भरलेली वाटेल.

खर्ज

सोल्डर आणि जाडतार, दोघांशी सहमत. आता टोनबद्दल सविस्तर लिहिते, कारण याच खड्ड्यात मी स्वतः बरीच वर्षं होते.

चौदा वर्षं वाजवतेय. सुरुवातीला मीही पांढऱ्या मार्करने अ‍ॅम्पवर खुणा केल्या होत्या. एका कार्यक्रमात आयत्या वेळी दुसरं कॅबिनेट आलं, मी खुणांवर नॉब लावले आणि पूर्वार्ध तसाच वाजवला. मध्यंतरात मैत्रिणीने फोनवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. गिटारच्या जागी मधमाश्यांचं पोळं होतं. त्या रात्री घरी येऊन खुणा पुसल्या.

तुमचे ते ६-४-६ हे तुमच्या अ‍ॅम्पचे आकडे नाहीत. ते त्या उघड्या १×१२ मधल्या उणिवांचे आकडे आहेत. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा मागची हवा उलट दिशेने हलते. पाठ उघडी असली की मागून निघालेली ही उलटी लाट कडेने वळून पुढे येते आणि खालच्या स्वरांना खाऊन टाकते. म्हणजे घरी बास ६ ठेवून तुम्ही एक खड्डा भरत होता. बंद कॅबिनेटमध्ये मागची लाट आतच अडकते, खड्डाच नसतो. तुम्ही तरी तेवढीच माती टाकली, तिचा ढीग झाला. त्यात कोन चार. ८२ हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब असते, तिच्या हिशोबात ते चार कोन म्हणजे एकच मोठा कोन. सगळे मिळून खालचा आवाज ढकलतात.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत हीच सर्वांत मोठी आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खालचं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले. घरी मास्टर २ वर असताना सगळेच बास आणि ट्रेबल वाढवतात, मिड पाडतात. गोड लागतं. तेच सेटिंग ड्रमबरोबर मोठं केलं की कान बास आणि ट्रेबल स्वतःच भरून घेतो. वर तुम्ही वाढवलेलं आहेच. आणि मिड, जिथे गिटार खरी राहते, तो मात्र पाडलेला. म्हणून घरचं सेटिंग सरावाला न्यायचंच नाही. कॅबिनेट तेच असलं तरी नाही.

आता ड्रमरच्या सुया. तुमचं कोडं इथे आहे. ३ किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ११ सेंटिमीटर, कोन ३० सेंटिमीटरचा. लाट कोनापेक्षा लहान झाली की आवाज पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. तुम्ही हातभर अंतरावर उभे, झोत तुमच्या मांड्यांवर. ड्रमर बसलेला, त्याचे कान थेट झोतात. तुम्ही दोघंही खरं तेच सांगत होतात! शिवाय व्हिंटेज ३० साधारण २ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात स्वभावतःच पुढे येतो, ग्रीनबॅक तिथे मऊ आहे. कंपनीच्या तक्त्यात व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता (तेवढ्याच ताकदीत किती मोठा आवाज) १०० डेसिबल आहे, ग्रीनबॅकची ९८. दोन डेसिबल ऐकायला किरकोळ, पण ग्रीनबॅककडून तेवढाच आवाज काढायचा तर दीडपटीहून थोडी जास्त ताकद द्यावी लागते.

त्यामुळे मी नव्या कॅबिनेटपुढे नॉबला हात लावण्याआधी जागा बदलते. अडीच-तीन मीटर मागे जाते आणि खाली बसते, कान स्पीकरच्या उंचीला. लांब केबल त्यासाठीच बाळगते. कॅबिनेट भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकलेलं असेल तर पुढे ओढते, कारण कोपरा फुकटचा बास देतो आणि तो नॉबने नीट जात नाही. उघडं कॅबिनेट असेल तर मागच्या भिंतीपासूनचं अंतर अजून महत्त्वाचं, तिथे अर्ध्या मीटरने आवाज बदलतो. उभं राहून स्वतःला ऐकायचं असेल तर कॅबिनेट थोडं मागे कलतं करा.

मग नॉब. मी गेन खाली घेते, घरच्यापेक्षा निदान दोन घरं. मोठ्या आवाजात तारेचा स्वर तसाही जास्त वेळ टिकतो, गेनची गरज कमी होते. बास जवळजवळ बंद करून खालच्या तारेवर पाम म्यूट वाजवत हळूहळू वर आणते. 'धब्ब' सुरू झालं की थांबते आणि थोडी मागे येते. हा क्षण प्रत्येक कॅबिनेटवर वेगळ्या जागी येतो आणि तो कानाला अगदी स्पष्ट कळतो. मिड अर्ध्याच्या वर. ट्रेबल मधोमध. पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये हे तीन नॉब एकमेकांत गुंतलेले असतात, ट्रेबल खूप वर असला की मिडचा परिणाम कमी होतो. म्हणून एक बदलला की बाकीचे दोन पुन्हा ऐकून घ्या.

प्रेझेन्स मी शून्यावर ठेवून सुरू करते आणि सर्वांत शेवटी हलवते. तो वरच्या तिघांचा भाऊ नाही. तो पॉवरच्या टप्प्यात, फीडबॅकच्या वळणावर (स्पीकरकडे जाणारा सिग्नल थोडा मागे फिरतो तिथे) बसलेला असतो, म्हणजे स्पीकरच्या अगदी शेजारी. ८ किंवा १६ ओहम हा आकडा नुसता नावापुरता असतो. बासच्या एका ठरावीक स्वराशी, म्हणजे स्पीकरच्या स्वतःच्या थरथरीशी, तो कित्येक पट चढतो आणि वर ट्रेबलकडे पुन्हा चढत जातो. ट्यूब अ‍ॅम्प त्या चढांवर जास्त जोर देतो, ट्रान्झिस्टरचा बहुतेक वेळा देत नाही. म्हणून कॅबिनेट बदललं की ट्यूब हेडचा स्वभावच बदलल्यासारखा वाटतो, आणि तो फरक मिटवायला प्रेझेन्स सोयीचा. तुमच्या हेडला रेझोनन्स किंवा डेप्थ नावाचा नॉब असेल तर खालच्या टोकाला तोच. माझ्यापुरती वाटणी अशी आहे: बास-मिड-ट्रेबल गिटारसाठी, प्रेझेन्स कॅबिनेटसाठी.

एवढं करूनही चिखल राहिला तर तो बहुधा स्पीकरचा नाही, गेनच्या आधीचा आहे. जाड पिकअपचा (गिटारमधला, तारांची थरथर टिपणारा भाग) खालचा आवाज आधी तुटतो आणि मग बासचा नॉब त्या तुटलेल्या आवाजालाच कमी-जास्त करतो. अशा वेळी गेनच्या आधी एखादा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, त्याचा ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल वर. ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातले पेडल खालचा आवाज बराच छाटतात, ती छाटणी इथे कामाला येते.

कोमल_निषाद

परवा सराव झाला. आधी कॅबिनेट कोपऱ्यातून ओढून काढलं, मग तीन मीटरवर जमिनीवर बसलो. ट्रेबल ८ वर ठेवूनच एक कॉर्ड वाजवली. ड्रमरची मनापासून माफी मागितली.

शेवटी आलं ते असं: गेन ४, बास २ आणि ३ च्या मध्ये, मिड ६, ट्रेबल ४, प्रेझेन्स १. घरी हे लावलं असतं तर डबा वाटला असता. पण दुसऱ्याच गाण्यात बासवाला माझ्याकडे बघून मान हलवू लागला. पेडल लागलाच नाही.

एकच अडलंय. पहिलं गाणं स्वच्छ आवाजात आहे, मोकळ्या तारांच्या कॉर्ड्स. हेडला चॅनल एकच. त्यात आता चमक राहिली नाही.

खर्ज

गिटारच्या व्हॉल्यूमने स्वच्छ करताय ना? व्हॉल्यूम खाली आणला की पुष्कळ गिटारींत वरचा आवाजही थोडा जातो. व्हॉल्यूमच्या नॉबवर ट्रेबल ब्लीड नावाचा छोटा कपॅसिटर बसवला की तो टिकतो. सोल्डर यांना विचारा, अर्ध्या तासाचं काम आहे. तोवर त्या गाण्यापुरता ब्रिजकडचा पिकअप घ्या. तुमच्या ड्रमरकडे त्या वेळी लक्ष असू द्या, त्याच्या झोतात चमक पुरेशी असेलही.

आणि २×१२ उघड्या पाठीचं आहे की बंद, हे आधी विचारून घ्या.

कोमल_निषाद

विचारलं. पाठीची मधली फळी काढता येते म्हणे. म्हणजे फळी लावून एकदा आणि काढून एकदा, दोन्ही ऐकून बघतो. लांब केबल घेतली आहे. हेडच्या पाठीचा तो कागद काढून टाकला, आता प्रत्येक कॅबिनेटसाठी वहीत वेगळं पान करतोय.

सोल्डर

फळी काढताना हेड बंद करा, आणि पुन्हा चालू करण्याआधी केबल पूर्ण आत गेली आहे ना ते हाताने चाचपून बघा. ट्रेबल ब्लीडसाठी पिकअप सिंगल कॉइल आहेत की हंबकर आणि व्हॉल्यूमचा पॉट किती किलोओहमचा आहे ते कळवा, मग कपॅसिटर सांगतो.