पीईजी ६००० च्या द्रावणाचा ऑस्मोटिक दाब कशावर मोजावा? सल्ला हवा

हरभरा_परभणी
नमस्कार मंडळी. परभणीला एम.एस्सी. (कृषी) करतोय. हरभऱ्याचे वाण पाण्याच्या ताणाखाली कसे उगवतात ते बघायचंय. त्यासाठी −०.५ मेगापास्कलचं (वजा चिन्ह म्हणजे द्रावण पाणी तेवढ्या जोराने धरून ठेवतं) पीईजी ६००० चं, म्हणजे सुमारे ६००० रेणुभाराच्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं, द्रावण हवंय. रेणूंच्या संख्येवरून ऑस्मोटिक दाब काढणाऱ्या व्हॅन्ट हॉफच्या सूत्राने किलोभर पाण्याला बाराशे ग्रॅम पावडर येते, ते काही पटत नाही. विभागात फ्रीझिंग पॉइंट ऑस्मोमीटर (गोठणबिंदूवरून मोजणारं यंत्र) आहे. त्यावर तपासू का?

साखळी_नांदेड
ते सूत्र विरल द्रावणाचं, इथे लावूच नका. लांब साखळ्यांची गर्दी वाढली की दाब सरळ रेषेत न वाढता झपाट्याने वर जातो. पीईजी ६००० साठीचं मिशेल आणि कॉफमन यांचं १९७३ चं समीकरण घ्या. त्यानुसार २५ अंशांना किलोभर पाण्यात २०० ग्रॅम घातले की सुमारे −४.९ बार, म्हणजे तुम्हाला हवं तेवढंच (०.५ मेगापास्कल = ५ बार). व्हॅन्ट हॉफने याच द्रावणाला जेमतेम ०.८ बार येतो! आणि २०० ग्रॅम किलोभर *पाण्यात*. लिटरच्या खुणेपर्यंत भरलंत तर द्रावण जास्त तीव्र होईल.

बीजताई
फ्रीझिंग पॉइंट नकोच. घट्ट द्रावण नीट गोठत नाही, शिवाय पीईजीचा दाब तापमानाबरोबर फार बदलतो. हेच २०० ग्रॅमचं द्रावण १५ अंशांना −५.८ बार, ३५ ला −४.० बार. मग गोठणबिंदूचं माप २५ अंशांच्या पेट्रीडिशला कसं लागू होणार?

व्हेपर प्रेशर ऑस्मोमीटर (बाष्पदाबावरून मोजणारा) कुठे मिळतोय ते बघा. कागदी चकतीवर १० मायक्रोलिटर सोडायचं, चकती कडेपर्यंत भिजली पाहिजे. आधी प्रमाण द्रावणांवर कॅलिब्रेशन. तुमचा आकडा २०० मिलिमोल प्रतिकिलोच्या आसपास यायला हवा. मशीन पंख्याच्या वाऱ्यात ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना माहीतच आहे, त्यामुळे डिश इन्क्युबेटरमध्येच ठेवा. नाहीतर रोपांना पहाटे जास्त ताण आणि दुपारी कमी, असं होईल.

हरभरा_परभणी
खूप आभार ताई, दादा. मेम्ब्रेन ऑस्मोमीटर (अर्धपार्य पडद्यातून मोजणारा) चालेल का?

साखळी_नांदेड
नाही. साधारण २०,००० पेक्षा कमी रेणुभाराची साखळी पडद्यातून निसटते. तो मोठ्या पॉलिमरचा रेणुभार काढायला उत्तम.

बीजताई
एक राहिलं. फिल्टर पेपर पाणी ओढून घेतो आणि पीईजी बाहेरच ठेवतो, म्हणून डिशमधलं द्रावण तीव्र होतं. कागदाच्या मानाने द्रावण भरपूर घाला आणि शेवटच्या दिवशी डिशमधलंच घेऊन पुन्हा मोजा. प्रबंधात तो आकडाही द्या.