पदकतक्त्यातला 71वा नंबर फलकावर लिहायचा का?

आष्टीचा_पीटी
29 ऑगस्टच्या क्रीडा दिनाला शाळेत पॅरिस 2024 चा पदकतक्ता लावायचा आहे. भारत 71वा, पाकिस्तान 62वा. आपली पदकं 6, त्यांचं 1. लेकरं विचारणारच, "सर, सहा मोठे का एक?" काय सांगावं? आणि हा नंबर लिहावा तरी का?

मांजराकाठ
आधी सुवर्ण मोजतात. ती सारखी निघाली तर रौप्य, मग कांस्य. तिन्ही सारखी असतील तर दोघांना एकच नंबर. म्हणजे कितीही रौप्यं आणा, एका सुवर्णाच्या खालीच. अर्शद नदीमची 92.97 मीटरची एक सुवर्ण भालाफेक पाकिस्तानला 62 वर घेऊन गेली. नीरजचं 89.45 मीटरचं रौप्य आणि पाच कांस्यं मिळून आपण 71. टोकियोत आपली पदकं 7, एकच जास्त, पण त्यात सुवर्ण होतं म्हणून 48वे. एवढ्यानं 23 पायऱ्या घसरतो असला हा नंबर.

अमेरिका आणि चीन दोघांची सुवर्णं 40. रौप्य 44 आणि 27, म्हणून अमेरिका वर. बीजिंगला 2008 मध्ये चीन सुवर्णांत पुढं होता, एकूण पदकांत अमेरिका. अमेरिकेतली बरीच माध्यमं तेव्हा एकूण पदकांवर तक्ता लावत होती. ज्याला जे सोयीचं.

ऑलिंपिक सनदेचा 6वा नियम तर म्हणतो की स्पर्धा खेळाडूंमध्ये आहे, देशांमध्ये नाही.

वजनकाटा
लोकसंख्येनं भागलं की अजून गंमत. ग्रेनाडाला पॅरिसमध्ये 2 कांस्यं, आणि अख्ख्या देशाची वस्ती आपल्या बीड शहराहून कमी. साधारण 57 हजारांमागं एक पदक. आपलं 23-24 कोटींमागं एक. पण हा तक्ता लहान देशांनाच फळतो, कारण एका क्रीडाप्रकारात देशाला ठरावीकच जागा मिळतात. लोकसंख्या दहापट म्हणून जलतरणात दहापट पोरं उतरवता येत नाहीत.

खरी मेख क्रीडाप्रकारांच्या संख्येत आहे. पॅरिसमध्ये एकूण 329 सुवर्णं, त्यातली तलावातल्या जलतरणाची 35. हॉकीची फक्त 2, पुरुष आणि महिला. अख्खा संघ घाम गाळतो, तक्त्यात पदक एकच. राष्ट्रकुल स्पर्धेचंही तसंच. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये आपली 61 पदकं, त्यातली 12 कुस्तीची. ग्लासगो 2026 च्या यादीत कुस्ती नाही, हॉकी नाही, बॅडमिंटनही नाही. तिथला नंबर बर्मिंगहॅमशेजारी लावून "कामगिरी घसरली" म्हणणं म्हणजे तुरीचा उतारा सोयाबीनशी ताडून बघणं.

औंढ्याचा_लंगोट
सगळं कबूल, पण तक्ता बिनकामाचा म्हणू नका. पैसा त्याच्याकडं बघूनच वळतो. ब्रिटन अटलांटा 1996 ला एका सुवर्णासह 36वा होता. मग लॉटरीचा पैसा खेळात आला, आणि रिओ 2016 ला 27 सुवर्णांसह दुसरा. पण त्याच रिओत बॅडमिंटनमध्ये कांस्य मिळूनही पुढच्या ऑलिंपिकसाठी त्या खेळाचा निधी बंद केला. पदकाची आशा जिथं जास्त, तिथंच पैसा. नंबर वर गेला, एक खेळ उपाशी राहिला.

आपल्याकडच्या पोराला मात्र देशाच्या नंबराचा काही उपयोग नाही. सवलतीचे गुण असोत की नोकरीतलं 5 टक्के आरक्षण, तिथं त्याची स्वतःची स्पर्धेची पातळी आणि क्रमांक बघतात. तेव्हा प्रमाणपत्र जपा, तक्ता नंतर.

मांजराकाठ
फलकावर "चौथे" असा एक रकाना घालाच. पॅरिसमध्ये आपण सहा वेळा चौथे आलो. मिराबाई चानूनं 199 किलो उचलले, कांस्य 200 ला गेलं. नेमबाजीत स्कीटच्या मिश्र जोडीचं कांस्य 43-44 असं एका ठोक्यानं हुकलं. आणि आष्टीत बसून अविनाश साबळे विसरायचा नाही. मांडव्याचा गडी, 3000 मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. 8 मिनिटं 14.18 सेकंद, अकरावा. तक्त्यात त्याचा हिशोब शून्य.

दोन चुका टाळा. 329 ला तीननं गुणून एकूण पदकं काढू नका. मुष्टियुद्ध, ज्युडो, कुस्तीत दोन-दोन कांस्यं असतात, म्हणून बेरीज 987 च्या वर जाते. आणि तक्त्याखाली तारीख टाका. 2008 ला चीनची 51 सुवर्णं छापली होती, उत्तेजकांच्या फेरतपासणीत तीन वेटलिफ्टरांची गेली, आता 48.

आष्टीचा_पीटी
जमलं. 71 लिहितो, पण बारीक अक्षरात. फलक चार बाय सहाचा आहे, सहाही चौथे बसायचे नाहीत. 199/200 आणि साबळेची वेळ मोठ्या अक्षरात घेतो.