हार्डनर वाढवून चिकटपणा जात नाही
इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर ही दोन रसायनं मिसळून घट्ट होणारा लेप. पावसाळ्यात ती चिकट राहते म्हणून हार्डनर थोडा जास्त घाला, असा सल्ला दिला जातो, तो काही पटला नाही. तो हिशोब फायबरग्लासच्या पॉलिएस्टर रेझिनचा, तिथे थोडं कमीजास्त खपतं. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर एकमेकांना जोडले जातात. जादा घातलेला हार्डनर तसाच उरतो आणि थर मऊ राहतो. डब्यावरचं प्रमाण काट्यावर मोजून घ्या, बस.

नवी मुंबईत रबाळ्याला आमच्या गाळ्यात जुलैमध्ये थर नीट सुकला तरी वर मेणचट, बोटाला तुपकट लागणारा पापुद्रा येतो. इपॉक्सीचा अमाइन (नायट्रोजन असलेल्या रसायनाचा) हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, त्याचा हा प्रताप. त्यावर थेट पॉलिश पेपर मारला की पेपर भरतो आणि ती घाण सगळीकडे पसरते. आधी कोमट पाणी आणि स्कॉचब्राइट, कोरडं पुसायचं, मग घासायचं. नाहीतर दुसरा थर सोलून निघतो. आणि हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नका (आमचे कारागीर अजून ऐकत नाहीत). थिनर ते कातडीत आणखी आत नेतो. साबण-पाणी वापरा, हातमोजे नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर). एकदा ॲलर्जी बसली की पुढे जरासं लागलं तरी अंगावर पुरळ उठतं.