मदत हवी आहे: गॅसगळतीच्या कामासाठी कोणता मास्क वापरावा?

शीतयंत्री: तळघरातील यंत्रखोलीत गळका सांधा ब्रेझिंग करताना (ज्योतीने धातू वितळवून जोडताना) आमच्या दोन सहकाऱ्यांचा घसा जळजळू लागला आणि डोके दुखू लागले. काम उद्या पूर्ण करायचे आहे, म्हणून गॅसची संपूर्ण माहिती न देता कोणता मास्क घ्यावा एवढेच कृपया सांगावे.

रेणुका: गॅस कोणता आहे, हे आपण लिहिलेच नाही. त्याशिवाय मास्क कसा सुचवणार?

खटपट्या: माझे सारे काम अमोनियावर झाले आहे. अमोनियाचे कॅनिस्टर (हवा गाळणारा डबा) असलेला, पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घ्यावा. मात्र प्रमाण 300 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग) वर गेल्यास त्यावर विसंबू नये. डिटेक्टर छताजवळ लावावा, कारण अमोनिया हवेपेक्षा हलका असतो.

शीतयंत्री: अमोनियाचा येथे काहीही संबंध नाही. गॅस आर-22 आहे, म्हणजे शीतयंत्रांत थंडाव्यासाठी भरतात तो एक वायू.

निरीक्षक: मग छताजवळच्या डिटेक्टरचा उपयोग नाही. आर-22 ची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते. ती जमिनीलगत आणि खड्ड्यांत साचते आणि तेथील हवा बाजूला सारते. कॅनिस्टर हवा गाळते, प्राणवायू पुरवत नाही. प्राणवायू 19.5 टक्क्यांखाली असेल, तर बाहेरून हवा पुरवणारे श्वसनयंत्रच लागते. पण नुसत्या आर-22 ने घसा असा जळजळत नाही. ज्योत पेटवण्यापूर्वी गॅस पूर्ण काढला होता का?

शीतयंत्री: बराचसा काढला होता. उरलेला सांधा उघडताना निघून गेला असावा.

निरीक्षक: तो गेला नव्हता, असे लक्षणांवरून वाटते. ज्योतीत आर-22 चे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड आणि थोडे फॉस्जीन असे विषारी वायू तयार होऊ शकतात. फॉस्जीनमुळे फुप्फुसांत पाणी होण्याचा त्रास काही तासांनंतरही सुरू होतो, म्हणून सध्या बरे वाटत असले तरी दोघांनी आजच डॉक्टरांना भेटावे आणि कशाशी संपर्क आला ते स्पष्ट सांगावे. उद्या रिकव्हरी मशीनने गॅस पूर्ण काढून, नळी नायट्रोजनने धुऊन, खोलीतील हवा खेळती करून मगच टॉर्च पेटवावा. दाबचाचणीही नायट्रोजननेच, रेग्युलेटर लावून करावी. ऑक्सिजन वापरल्यास कॉम्प्रेसरमधील तेलाचा स्फोट होऊ शकतो.

जुनाजाणता: इतके सव्यापसव्य कशाला? हॅलाइड टॉर्च फिरवावा. ज्योत हिरवी झाली की गळती सापडली. आम्ही आयुष्यभर हेच केले.

रेणुका: ज्या ज्योतीमुळे विषारी वायू तयार होतात, तीच घेऊन गळती शोधणे मला पटत नाही. शिवाय ही सवय उद्या आर-290 च्या यंत्रापाशी घेऊन गेलात, तर तो गॅस म्हणजे पेट घेणारा प्रोपेन आहे, हे ध्यानात ठेवावे. साबणाचा फेस पुरेसा आहे.

जुनाजाणता: येथे आर-22 आहे, प्रोपेन नाही. आणि बारीक गळती फेसाने दिसत नाही.

रेणुका: त्यासाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आहे.

खटपट्या: काढलेला गॅस भरताना सिलिंडर 80 टक्क्यांपेक्षा अधिक भरू नये. उष्णतेने द्रव फुगतो.

शीतयंत्री: तो प्रश्न मी विचारलेला नव्हता, तरीही आभारी आहे. दोघे डॉक्टरांकडे निघाले आहेत. खोलीत केवळ छताला एक पंखा आहे. तो चालेल का?

निरीक्षक: तेवढ्याने भागणार नाही. हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड जमिनीलगत ठेवावे, दुसरे टोक इमारतीबाहेर मोकळ्या जागी सोडावे आणि दाराकडून ताजी हवा आत येऊ द्यावी. एक माणूस सतत दाराबाहेर उभा ठेवावा. आत कोणी कोसळल्यास त्याने श्वसनयंत्राशिवाय मागोमाग शिरू नये.