अंडी निम्म्यावर आली, खुराकात कोणता झाडपाला मिसळू?

मुरबाडची_वाडी: मंडळी, मुरबाडजवळ वाडीवर कावेरी या सुधारित जातीच्या २५ कोंबड्या आहेत. दिवाळीपासून अंडी निम्मी झाली, कवच पातळ, बलक फिक्कट. मका, तांदळाची कणी आणि उरलेली भाजी घालते. खुराकात मिसळायला झाडपाल्याचं औषध सुचवा. महिना ५०० रुपयांवर जमणार नाही.

कळवेकर: शतावरीचं लिक्विड टॉनिक आणा, मोठी बाटली. ५०० मध्ये बसणार नाही, पण खर्चाशिवाय अंडी कुठली? माझ्या कोंबड्या थंडीतही घालतात.

शहापूरची_काकू: टॉनिकबिनिक नको गं. शेवग्याचा पाला सावलीत वाळव. चुरचुरीत झाला की हाताने चोळ, देठ आपोआप सुटतात. किलोभर खाद्याला ५० ग्रॅम चुरा. दहा-बारा दिवसांत बलक पिवळाधमक.

घोडबंदर_टेरेस: ऑनलाइन हर्बल पावडर मात्र घेऊ नका. मला आलेल्या पाकिटावर घटकच छापले नव्हते. तक्रार केली, पैसे आजतागायत परत नाहीत. लसूण ठेचून द्या.

कळवेकर: लसूण जास्त झाला तर अंड्याला वास येतो. शतावरीच घ्या.

पनवेल_लेअर: पाल्याने बलकाला रंग येईल, कवच सुधारायचं नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं, मका-कणीत ते जवळजवळ नसतंच. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा ती स्वतः खाते. प्रोटीनही कमी पडतंय. दिवस लहान झालेत, १४ ते १६ तास उजेड मिळायला हवा, पहाटे बल्ब लावा. पिसं गळतायत का?

ऐरोली_सेक्टर८: पिवळा बलक म्हणजे पौष्टिक अंडं, असं काही नसतं. झेंडूच्या पाकळ्यांनीही तो रंग येतो.

शहापूरची_काकू: चवीत फरक पडतोच! आणि कावेरी म्हणजे गावरान नव्हे, हेही सांगून ठेवते.

ऐरोली_सेक्टर८: गावरानचा विषय कुणी काढला?

घोडबंदर_टेरेस: शेवगा चांगला. लसूणही द्या.

मुरबाडची_वाडी: सगळ्यांचे आभार. पिसं गळतायत दादा, खुराड्याखाली रोज झाडावी लागतात. म्हणजे जुनी पिसं टाकून नवी यायचा काळ आहे, त्यात अंडी कमी होतातच. म्हणून बल्ब लावणार नाही, वर्षभर घातलीत बिचाऱ्यांनी, आता विसावा घेऊ दे. टॉनिक आणि लसूणही राहू दे. शिंपल्यांचा चुरा आणि प्रोटीनसाठी शेंगदाण्याची पेंड घेतली, ५०० च्या आत बसलं. शेवगा बांधावर आहेच.

पनवेल_लेअर: पेंड फोडून आत बघा ताई. बुरशी किंवा कुबट वास असेल तर आजच परत करा, बुरशीच्या विषाने कोंबड्यांचं यकृत जातं.